मत्स्यपेटीतील माशांचे अकस्मात मृत्यू : कारण बहुधा पाण्यातच

घरातील मत्स्यपेटीचे पाणी नितळ असते, तापमापक २६ अंश सेल्सिअस दाखवीत असतो, हवेचा पंप अखंड बुडबुडे सोडीत असतो. आणि तरीही सकाळी पाहावे तर दोन-तीन मासे तळाशी निपचित पडलेले आढळतात. अंगावर जखम नाही, डाग नाही. गप्पी, मॉली, टेट्रा, एंजल असे उष्ण कटिबंधातील गोड्या पाण्याचे मासे पाळणाऱ्यांना हा अनुभव कधी ना कधी येतोच. मग ‘कसला तरी रोग’ असे समजून दुकानातून औषध आणले जाते. प्रत्यक्षात अशा मृत्यूंचे मूळ अनेकदा रोगात नसून पाण्याच्या रसायनात असते. पाणी नितळ असणे आणि निर्विष असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

मासे मुख्यतः कल्ल्यांवाटे अमोनिया उत्सर्जित करतात. उरलेले खाद्य आणि विष्ठा कुजूनही तोच वायू तयार होतो. नदी-तलावात तो विरून जातो. काचेच्या चार भिंतींत मात्र साठत राहतो. फिल्टरचा स्पंज, तळातील खडी यांवर वाढणारे जिवाणू अमोनियाचे नायट्राइटमध्ये आणि नायट्राइटचे तुलनेने निरुपद्रवी अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइट हटविण्याचे काम नायट्रोबॅक्टर हे जिवाणू करतात असे पूर्वी मानले जाई. गोड्या पाण्याच्या मत्स्यपेट्यांत ते प्रामुख्याने नायट्रोस्पिरा गटाचे जिवाणू करतात, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसून आले. नाव कोणतेही असो, हे जिवाणू सावकाश वाढतात. नव्या पेटीत त्यांची वसाहत स्थिरावण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. पेटी आणली त्याच दिवशी डझनभर मासे सोडले, तर पहिल्या काही आठवड्यांतच ते दगावू लागतात, यात नवल नाही. नायट्राइट रक्तात शिरून हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची शक्तीच हिरावून घेतो. त्यामुळे पंप चालू असूनही मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात आणि त्यांचे कल्ले तपकिरी दिसू लागतात.

खरा बुचकळ्यात टाकणारा प्रकार जुन्या पेटीत घडतो. दोन-तीन वर्षे सुरळीत चाललेली पेटी एखाद्या रविवारी मनापासून स्वच्छ केली जाते, निम्म्याहून अधिक पाणी बदलले जाते आणि दुसऱ्या दिवशी निम्मे मासे मेलेले असतात. याचे स्पष्टीकरण आम्लतेत आहे. जिवाणूंच्या कार्यातून आम्ल निर्माण होते आणि ते पाण्यातील कार्बोनेट क्षार हळूहळू संपवते. पाणी वेळच्या वेळी बदलले नाही, तर पाण्याचा सामू सातवरून सहाच्या आसपास घसरतो. इतक्या आम्ल पाण्यात जिवाणू मंदावतात आणि अमोनिया साठू लागतो. परंतु तो जवळजवळ सर्वस्वी अमोनियम या कमी घातक रूपात असतो, म्हणून मासे तग धरतात. आता त्यात नळाचे किंवा कूपनलिकेचे अल्कधर्मी पाणी मोठ्या प्रमाणात ओतले, की सामू एकदम चढतो आणि साठलेले अमोनियम विषारी अमोनियात बदलते. २५ अंश तापमानाला सामू सात असताना एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का या विषारी रूपात असतो. सामू आठ झाला की हे प्रमाण सुमारे पाच टक्क्यांवर जाते. मालकाने सद्भावनेने केलेली सफाईच अशा वेळी घातक ठरते.

त्याच सफाईत फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला गेला असेल, तर क्लोरीनमुळे उपकारक जिवाणूही नष्ट होतात. स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा. नळाचे पाणी थेट पेटीत ओतल्यास क्लोरीन कल्ल्यांना इजा करतो. भांड्यात दिवसभर उघडे ठेवलेल्या पाण्यातून क्लोरीन बहुतांशी उडून जातो, क्लोरामाइन मात्र जात नाही. दुकानात ‘अँटी-क्लोरीन’ म्हणून मिळणारे द्रावण याच कामासाठी असते.

उन्हाळ्यात वेगळेच संकट उभे राहते. २५ अंशांच्या पाण्यात प्रतिलिटर सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, ३० अंशांच्या पाण्यात सुमारे ७.५. रात्री पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. त्यामुळे मृत्यू पहाटे घडतात. त्यातच वीज खंडित होऊन फिल्टर काही तास बंद राहिला, तर त्यातील जिवाणूही गुदमरतात. डासप्रतिबंधक फवाऱ्यांतील आणि वाफाऱ्यांतील पायरेथ्रॉइड द्रव्ये माणसाला फारशी बाधत नसली तरी माशांना अत्यंत विषारी असतात. आणि हवेचा पंप खोलीतील हवाच पाण्यात ढकलत असतो. भारतीय घरांत या कारणाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही.

रोग नसतातच असे नाही. अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके, फिकट होत जाणारा निऑन टेट्राचा रंगपट्टा, कुरतडल्यासारखे पर अशी लक्षणे दिसली तर उपचार हवेतच. नवे मासे दोन ते चार आठवडे वेगळ्या पेटीत ठेवल्यास असे रोग मुख्य पेटीत शिरण्याचा धोका बराच कमी होतो. लक्षण नसताना औषध टाकण्याने मात्र हानीच संभवते. मिथिलीन ब्लूसारखी द्रव्ये फिल्टरमधील जिवाणूंना मारक ठरतात. मग अमोनिया वाढतो आणि उरलेले मासेही जातात.

मृत मासा आढळताच तो बाहेर काढून त्याच दिवशी अमोनिया, नायट्राइट आणि सामू तपासावा. चाचणी संच मत्स्यपेट्यांच्या दुकानांत मिळतात. अमोनिया किंवा नायट्राइट आढळल्यास एक-दोन दिवस खाद्य बंद ठेवावे. निरोगी प्रौढ मासे तेवढा उपवास सहज सोसतात. पेटीतील आणि नळाच्या पाण्याच्या सामूत फारसा फरक नसेल, तर पाव ते एक तृतीयांश पाणी क्लोरीनमुक्त व समान तापमानाच्या पाण्याने बदलावे. फरक एक अंकाचा किंवा त्याहून अधिक असेल, तर रोज दहावा हिस्सा याप्रमाणे आठवडाभरात पाणी पालटावे.