पाचारण आणि परदेश

मंगरूळपीर हे हयात कलंदरांच्या दर्ग्याचे गाव. घर सोडून आलेल्या फकीर-बैराग्यांचे आम्हां गावकऱ्यांना नवल नाही. ख्रिस्ती मंडळी अशा अंतरीच्या हाकेस ‘पाचारण’ म्हणतात.

अमेरिकेतील गॉर्डन हॉल यांस ती ऐकू आली. १८१३ च्या फेब्रुवारीत सॅम्युअल नॉट यांच्यासह ते मुंबईस उतरले. कंपनी सरकारने परत जाण्याचा हुकूम काढला. दोघे गुपचूप गलबताने कोचीनला गेले. तेथून त्यांस परत आणले. तेव्हा गव्हर्नर नेपियन यांस त्यांनी कळविले, की आम्हांस देवाची आज्ञा आहे. तिच्या आड आलात तर जाब तुम्हांलाच द्यावा लागेल. बाणेदार खरे! मुंबईच्या लोकांना मात्र या भांडणात कोणीच विचारले नाही. अखेर परवानगी मिळाली. हॉल मराठी शिकले, त्यांनी शाळा काढल्या आणि २० मार्च १८२६ रोजी नाशिकहून परतताना पटकीने वाटेतच वारले. जवळची बहुतेक औषधे त्यांनी आधीच रोग्यांना वाटून टाकली होती.

आमच्या शेजारी वाशीमला रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय उभारणाऱ्या डॉ. ऑर्फा स्पायकर १९३६ साली अशाच पाचारणाने हिंदुस्थानात आल्या. अडलेल्या बाळंतिणीच्या घरची माणसे ते पाचारण कशाला विचारतील? बैलगाडी वेळेवर वाशीमला पोचते की नाही, एवढीच त्यांना धास्ती.