वंशजत्वाचा पुरावा आणि शिष्यवृत्ती : अमेरिकेतील एक ऐतिहासिक प्रश्न

अमेरिकेत १८९४ मध्ये नॅशव्हिल येथे स्थापन झालेली 'युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी' ही संस्था यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढलेल्या सैनिकांच्या थेट वंशजांना शिष्यवृत्ती देत आली आहे. अर्जदारास पूर्वजाची लष्करी सेवा व पिढ्यांची साखळी कागदोपत्री सिद्ध करावी लागते. ही अट वरवर निरुपद्रवी भासते. परंतु असे कागद मुळात कोणापाशी असणार? सैनिकाचे नाव लष्करी दप्तरात राहिले, गुलामाचे क्वचितच. १८५० व १८६० च्या जनगणनेतील गुलामांच्या स्वतंत्र याद्यांत मालकाचे नाव आढळते, गुलामाचे मात्र बहुधा केवळ वय, लिंग आणि वर्ण. मुक्त झालेल्यांची नावे सरसकट नोंदली गेली ती १८७० मध्येच.

जॉर्जटाउनचे उदाहरण या दृष्टीने अपवादात्मक होय. १८३८ मध्ये मेरीलँडच्या जेझुइटांनी २७२ गुलाम विकले व त्या पैशाचा काही भाग तेथील कर्जबाजारी महाविद्यालयाकडे वळविला. विक्रीच्या करारनाम्यात नावे होती. तोच कागद पुढे वंशजांचा आधार ठरला. २०१६ मध्ये विद्यापीठाने त्यांना माजी विद्यार्थ्यांच्या पाल्यांप्रमाणे प्रवेशात प्राधान्य जाहीर केले. शिष्यवृत्तीचा मात्र त्या घोषणेत समावेश नव्हता.