मोहाची धार आणि अबकारीचा अंमल

स्पेनच्या रिओहा प्रांतातील तांबडी मिश्र मदिरा ओकच्या पिंपांत वर्षानुवर्षे मुरून परिपक्व होते. वऱ्हाडात, पैनगंगेच्या खोऱ्यातील ढाणकीच्या मुलखात मात्र मद्याची परंपरा मोहाच्या ताज्या धारेची. चैत्रात पहाटे गळलेली मांसल, पिवळसर फुले वेचून वाळवावीत, पाण्यात आंबवावीत, मडक्यातील वाफ थंड करून उग्रगंधी पहिली धार उतरवावी आणि देवापुढे चार थेंब सांडल्यावाचून ती ओठांना लावू नये, ही गोंडांची पूर्वापार रीत. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजी अंमलाखाली गेल्यावर अबकारीचे मक्ते व परवाने आले आणि घरची भट्टी गुन्हा ठरली. महसुलाच्या दप्तराने ज्याला केवळ मुद्देमाल मानले, त्या रसाची पारख हाही आमच्या संस्कृतीचा आदरणीय वारसा आहे.