आपल्या डोंगरावरची बेंजो पार्टी

स्मरणिकेसाठी लेख द्या, असा संपादक मंडळाचा निरोप आला तोवर सर, बाई, सहल, स्नेहसंमेलन, डबा असे सगळे विषय इतरांनी वाटून घेतले होते. मग कुणीच मागितला नव्हता तो विषय मी घेतला : आपल्या वेळची बेंजो पार्टी. तो मी का घेतला, हे शेवटी सांगते.

१९९८ च्या दहावीच्या बॅचला ही पार्टी आठवत असणारच. माणसं पाच. बेंजोवाले मास्तर दिवसा रेडिओ आणि मिक्सर दुरुस्त करायचे. दुरुस्तीला आलेला रेडिओ परत देण्याआधी त्याला आपला बेंजो जोडून आवाज कसा येतो ते बघायचे, त्यामुळे गिऱ्हाइकाला चार दिवस जास्त थांबावं लागायचं. कीबोर्डवाला काळा चष्मा कधी काढत नसे, रात्रीच्या वरातीतही नाही. ढोलवाले दोघे सख्खे भाऊ. जमिनीच्या वाटणीवरून त्यांचं बोलणं बंद होतं, निरोप तिसऱ्यामार्फत जायचे, पण वाजवताना एकमेकांचा हात कधी चुकला नाही. पाचवा ऑक्टोपॅडवाला, तो आपल्याच वर्गातला. नाव लिहीत नाही, तुम्ही ओळखलं असेलच. बाकावर बोटं वाजवल्याबद्दल आठवड्यातून दोनदा तरी तो वर्गाबाहेर असायचा. हलगी त्याच्या घरातलीच. चैत्रात सासनकाठ्या नाचायला लागल्या की हा शाळेत सापडायचा नाही.

सुपारी लग्नाची असो नाहीतर गणपतीची, मास्तरांची सुरुवात ठरलेली : 'कृष्णा धरती पे आजा तू'. गाणं 'डिस्को डान्सर'मधलं, १९८२ सालचं. पण मास्तरांच्या लेखी ते भजनच होतं. देवाचं नाव आहे ना, मग आधी ते, असा त्यांचा हिशेब.

आता थोडं त्या वाद्याबद्दल. आपण ज्याला बेंजो म्हणतो, त्याचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापुरताच संबंध. आपल्या बेंजोचं मूळ जपानी आहे. १९१२ साली नागोया शहरात मोरिता गोरो नावाच्या माणसाने टाइपरायटरच्या बटणांची कल्पना तंतुवाद्याला जोडली. त्याच वर्षी जपानात तायशो राजवट सुरू झाली होती, म्हणून वाद्याचं नाव पडलं तायशोगोतो. एका हाताने बटण दाबायचं, की त्याची पट्टी तारेवर बसते. दुसऱ्या हाताने तार छेडायची. हेच वाद्य आपल्याकडे येऊन बुलबुल तरंग झालं. पुढे त्याला पिकअप बसला, ॲम्प्लिफायर आणि कर्णा जोडला गेला आणि ते टेम्पोवर चढलं. १९८५ मध्ये रोलँड या जपानी कंपनीचा ऑक्टोपॅड बाजारात आला. आठ रबरी चौकोन, काडीने वाजवायचे. तोही काही वर्षांत त्याच टेम्पोवर आला. विजेवर चालणारं तारेचं वाद्य, कीबोर्ड, ड्रम आणि कानठळ्या. शहरात याला रॉक बँड म्हणतात. आपण बेंजो म्हणत होतो, एवढाच फरक.

शहरातल्या बँडांकडे मी वळले ती मास्तरांच्या त्या गाण्यामुळेच. २०१४ च्या एप्रिलमध्ये नंदू भेंडे गेल्याची बातमी वाचली आणि कळलं, की आपण दर वरातीत ज्याची चाल ऐकली ते गाणं यांनी गायलं होतं. मग ऑफिसची कामं संपली की रात्री त्यांच्याबद्दल वाचत बसायची सवय लागली. आत्माराम आणि आशा भेंडे या नाटकवाल्या दांपत्याचा हा मुलगा सत्तरच्या दशकात मुंबईत इंग्रजी रॉक गात होता. ॲलेक पदमसींनी १९७४ मध्ये 'जीझस क्राइस्ट सुपरस्टार' रंगमंचावर आणलं, त्यात तो ज्यूडास होता. १९७८ मध्ये पु. लं.नी ब्रेख्तच्या नाटकावरून 'तीन पैशाचा तमाशा' लिहिलं आणि जब्बार पटेलांनी ते बसवलं. त्यात नंदू भेंडे अंकुश झाले आणि भास्कर चंदावरकर, आनंद मोडक यांच्याबरोबर संगीतातही त्यांचा वाटा होता. मराठी नाटकात रॉकचा सूर आला तो असा.

त्या काळच्या मुंबईतल्या या मुलांना घरचे आणि शेजारचे येडेच म्हणत असणार. परदेशी गिटार सहज मिळायची नाही. आयातीवर बंधनं आणि किंमत आवाक्याबाहेर. तरी बँड होते. एका सिगारेट कंपनीने भरवलेल्या सिमला बीट स्पर्धेत देशभरातले बँड उतरायचे. १९७० आणि १९७१ च्या स्पर्धेतल्या गाण्यांच्या तबकड्या निघाल्या, म्हणून त्यातल्या काहींची नावं तरी आज कळतात. १९७२ मध्ये लेड झेपेलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट मुंबईत आले, तेव्हा कुलाब्याच्या 'स्लिप डिस्क'मध्ये इथल्याच पोरांबरोबर त्यांनी वाजवलं. कीथ कांगा यांच्या 'ॲटॉमिक फॉरेस्ट' या बँडची तर एकच तबकडी, 'ऑब्सेशन ७७'. आपल्याकडे ती विस्मरणात गेली होती. २०११ मध्ये लॉस एंजेलिसच्या एका छोट्या कंपनीने ती पुन्हा काढली आणि जगभरचे शौकीन ती ऐकू लागले.

हे वाचताना मला सारखे आपले मास्तर आठवायचे. या दोघांत काय वेगळं होतं? दुसऱ्यांची गाणी दोघेही वाजवत होते. वाद्यांची जुळवाजुळव, लोकांची हसणी दोघांच्याही नशिबी होती. पण तिकडे तबकडी निघाली. आपल्या पार्टीची साधी कॅसेटही नाही. पुढे कोल्हापुरात 'डॉल्बी' आली आणि बेंजोच्या सुपाऱ्या कमी झाल्या. गंमत अशी, की १९६५ मध्ये रे डॉल्बी यांनी कंपनी काढली ती टेपवरची खरखर कमी करण्यासाठी. आपल्याकडे त्यांचं नाव पडलं ते भिंतीएवढ्या कर्ण्यांना, ज्यांच्यापुढे छातीत धडधडतं. आमच्या पार्टीचा कीबोर्ड विकला गेला, टेम्पो नारळाच्या धंद्याला लागला. मास्तर आता नाहीत.

आता हा विषय मी का घेतला ते सांगते. १९९८ चा फेब्रुवारी. माघातले खेटे चालू होते, मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा. पार्टीची लग्नसराईची तालीम मास्तरांच्या दुकानामागे, म्हणजे आमच्या घराला लागून. मला अभ्यास सुचेना. मी एक अर्ज लिहिला, अकरा जणांच्या सह्या घेतल्या. तक्रार कुणाविरुद्ध आहे ते स्पष्ट हवं, म्हणून पाचही वादकांची पूर्ण नावं वडिलांच्या नावासकट क्रमाने लिहिली. अर्ज योग्य ठिकाणी पोचला आणि चार दिवसांत तालीम बंद झाली. मला चांगले मार्क पडले, इंजिनिअरिंगला गेले. आपला ऑक्टोपॅडवाला गणितात राहिला, ऑक्टोबरमध्ये सुटला.

यंदाच्या मेळाव्यात जेवणाच्या पंगतीत तो शेजारी येऊन बसला. म्हणाला, तालीम पायथ्याच्या एका गोठ्यात हलवली होती आणि परीक्षेपर्यंत तो रोज रात्री डोंगर चढून घरी यायचा. हे मला सत्तावीस वर्षांनी कळलं. मी काहीतरी सावरून बोलायला गेले, तर त्याने पिशवीतून एक कागद काढला. माझाच अर्ज, लॅमिनेट केलेला.

"ह्यो कशाला ठेवलास रे?" मी विचारलं.

"अगं, आमची पाचही जणांची नावं एका कागदावर दुसरीकडं कुठं हाईत? आनि अक्षर बघ की, छापल्यागत."

मी माफी मागितली. तो म्हणाला, "भात घे, गार व्हतोय."

त्या अर्जावरून पाच नावं मी उतरवून घेतली आहेत. मास्तरांच्या मुलाकडे पार्टीचा एक फोटो निघाला. तो शेजारच्या पानावर छापायला दिला आहे आणि खाली नावं अर्जातल्याच क्रमाने आहेत. काळा चष्मा कुणाचा, ते सांगायची गरज नाही. कुणाच्या लग्नाच्या व्हिडिओ कॅसेटमध्ये ही पार्टी वाजताना दिसत असेल तर मला कळवा. कॅसेट खराब झाली असली तरी द्या. आवाज काढून स्वच्छ करणं माझ्याकडे लागलं.