तंत्वर्बुद, गर्भाशयाचे : प्रसवोत्तर उपद्रव

गर्भाशयाच्या स्नायुभित्तीतून उद्भवणारे, कर्करोग नसलेले अर्बुद. व्यवहारात यास फायब्रॉइड किंवा नुसती ‘गर्भाशयातली गाठ’ म्हणतात. गर्भारपणी वाढलेली ही गाठ बाळंतपणानंतर संप्रेरकांचा आधार तुटल्याने बहुधा आपणहून आक्रसते. त्यामुळे ती सोनोग्राफीत दिसली की काढूनच टाकावी, ही नातलगांची, आणि क्वचित चिकित्सकांचीही, घाई समर्थनीय नव्हे.

प्रसूतीनंतर नाभीजवळ हाताला लागणारा गर्भाशयाचा माथा रोज सुमारे बोटभर खाली उतरत १० ते १४ दिवसांत जघनास्थीमागे दिसेनासा होतो. दहाव्या दिवशीही तो वर, एका अंगाने टणक व उंचसखल लागत असेल आणि अंगावरून लाल जाणे थांबत नसेल, तर गाठीची व अडकलेल्या वारेच्या तुकड्याची सोनोग्राफीने खातरजमा करावी. योनिमार्गात उतरलेला देठाचा गोळा वार समजून ओढणे घातक होय, कारण तो उलटलेला गर्भाशयही असू शकतो.

मोठ्या गाठीमुळे आकुंचन अपुरे पडून रक्तस्राव झाल्यास ऑक्सिटोसिन, प्रसूतीपासून ३ तासांच्या आत शिरेतून १ ग्रॅम ट्रॅनेक्झॅमिक आम्ल आणि जरूर तर रक्त, ही तजवीज विनाविलंब करावी लागते. गाठीने वेडीवाकडी झालेल्या पोकळीत दाब देणारा फुगा नीट बसतोच असे नाही. मग धमनी-अवरोधन, आणि अखेरीस गर्भाशय काढणे, असे मार्ग उरतात.

रक्तपुरवठा तुटून गाठीचा अंतर्भाग मृत झाला, म्हणजे एकाच जागी तीव्र वेदना, बारीक ताप व श्वेतपेशींची वाढ आढळते; विश्रांती व वेदनाशामके यांनी हे दुखणे बहुधा थोड्या दिवसांत निवते, मात्र त्या मुदतीत पोट चोळू नये. याच मृत भागात पू झाल्यास प्रकरण गंभीर होते. स्तन, मूत्रमार्ग, टाके व गर्भाशयाचे अस्तर तपासूनही कारण न सापडणारा आणि प्रतिजैविकांना न जुमानणारा ताप आला, तर सीटी किंवा एमआरआय करून गाठीत वायूचे बुडबुडे आहेत का ते पाहावे. येथे नुसत्या औषधांवर विसंबणे धोक्याचे असून शस्त्रक्रिया बहुधा अटळ ठरते.

एरवी काही महिन्यांनी फेरतपासणी करावी. त्रास न देणारी गाठ तशीच राहू देण्यास हरकत नाही.