नृत्यगुरू व नृत्याध्यापन, महाराष्ट्रातील

नर्तनकला शिष्याच्या देहात उतरविणारी व्यक्ती म्हणजे नृत्यगुरू होय. गायनाचे स्वरलेखन करता येते, नाटकाची संहिता जपून ठेवता येते. नृत्याचे तसे नाही. हस्तमुद्रेचे नाव व लक्षण ग्रंथात नोंदविता येते, परंतु त्या मुद्रेपर्यंत हात कोणत्या वेगाने न्यावा आणि तेथे किती काळ थांबावा, हे गुरूकडे पाहूनच उमगते. त्यामुळे गुरुपरंपरा खंडित झाली, की ग्रंथ शिल्लक राहूनही नृत्य लोपते. मराठी भाषकांच्या नृत्येतिहासात असे एकाहून अधिक वेळा घडले. विसाव्या शतकातील नृत्यगुरूंच्या कार्याचे मोल ठरविताना हा तुटलेला दुवा प्रथम ध्यानी घ्यावा लागतो.

सिल्लोड तालुक्यातील अजिंठा गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या लेण्यांपैकी पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाच्या चित्रमालिकेत एक नर्तकी व तिच्या भोवतीचा स्त्री-वादकवृंद रंगविलेला आहे. औरंगाबाद लेण्यांतील सातव्या लेण्यात एक नर्तकी व तिच्या साथीला सहा वादक स्त्रिया असे शिल्प आहे. कटी, मान व पावले यांची वळणे दोन्हींत विलक्षण नेमकी आहेत. ती पाहिलेल्या नृत्यावरून घडविली असावीत, याविषयी शंका राहत नाही. मात्र या नर्तकींना कोणी शिकविले, कसे शिकविले, याचा माग चित्रातून वा शिल्पातून लागत नाही.

शिक्षकाचा लेखी उल्लेख याच परिसरात, पण बऱ्याच उत्तरकाळात आढळतो. देवगिरीच्या यादवांपैकी सिंघण (कार. सु. १२१०–१२४७) याच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने संगीतरत्नाकर हा ग्रंथ रचला. शार्ङ्गदेवाचे घराणे मूळचे काश्मीरचे; तो स्वतः राज्याच्या हिशेबखात्याचा प्रमुख, म्हणजे श्रीकरणाधिप होता. जमाखर्च पाहणाऱ्या अधिकाऱ्याने भारतीय संगीताचा सर्वांत सुव्यवस्थित ग्रंथ लिहावा, यात नवल वाटण्याजोगे असले तरी विसंगत काही नाही. वर्गीकरणाची शिस्त ग्रंथात पानोपानी दिसते. सात अध्यायांपैकी अखेरचा अध्याय नर्तनाचा आहे. त्यात मार्ग व देशी असे दोन्ही प्रकार सांगून नर्तकीच्या गुणदोषांबरोबरच उपाध्याय व आचार्य यांचीही लक्षणे दिली आहेत. गीत, वाद्य व नृत्य या तिन्हींचे ज्ञान असणे आणि शिष्य घडविता येणे, ही शिक्षकाची पात्रता मानलेली आहे. गौंडली या देशी पद्धतीत नर्तकीने स्वतः गाणे व वाद्य वाजविणे अपेक्षित असल्याने शिक्षकाचे काम त्रिविध होते, हेही त्यावरून कळते. यादवांची सत्ता चौदाव्या शतकाच्या आरंभी संपली आणि देवगिरीच्या दरबारी नृत्याची शिष्यशाखा पुढे चालू राहिल्याचे दिसत नाही. ग्रंथ तेवढा देशभर पसरला.

याच अध्यायात ‘कोल्हाटिक’ नावाचा एक कलावंत येतो. भार पेलणे, दोरावरून चालणे, सुरीचे खेळ करणे ही त्याची लक्षणे कोल्हाटी समाजाच्या पारंपरिक कसरतींशी जुळतात. पुढे याच समाजातील स्त्रियांनी तमाशा व संगीत बारी यांतील लावणीनृत्य जोपासले. येथे स्थिती नेमकी उलट झाली. शास्त्र लिहिले गेले नाही, पण शिकविण्याची साखळी तुटली नाही. आईने किंवा मावशीने मुलीला शिकवावे, मुलीने बारीत बसून वडीलधाऱ्यांची अदा न्याहाळावी, अशी ही शाळा होती. वाई येथील यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांना लावणीचे पहिले पाठ आईकडूनच मिळाले. बैठकीच्या लावणीत नर्तकी बसल्या जागी एकच ओळ पुनःपुन्हा गाते आणि प्रत्येक आवर्तनी तिचा निराळा अर्थ डोळ्यांनी व हातांनी दाखविते. पुढची अदा कोणती, हे आधी ठरलेले नसते. समोरचा श्रोता आणि साथीचा तबला पाहून ते त्या क्षणी ठरते. म्हणून तयार अदा पाठ करून घेण्यापेक्षा ओळीचा अर्थ किती बाजूंनी उलगडता येतो, याची सवय शिष्येला लावणे हेच या अध्यापनाचे मर्म होय. या शिक्षिकांची नावे नृत्यविषयक ग्रंथांत क्वचितच आढळतात. कलावंतिणींच्या व्यवसायाकडे पाहण्याची समाजाची तुच्छ दृष्टी हेच त्याचे कारण असून, तो दोष कलेचा नव्हे.

आयत्या वेळी सुचणारे नृत्य शिकवावे कसे, हा प्रश्न केवळ लावणीपुरता नाही. अर्जेंटिनातील टँगो या युगुलनृत्याच्या शिक्षकांपुढेही तोच उभा राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ब्वेनस एअरीझच्या श्रमिक वस्त्यांत वाढलेला हा नाच तेथील तरुण मुले सरावाच्या बैठकांत वडीलधाऱ्या पुरुषांकडून शिकत. नवशिक्याने आधी स्त्रीची, म्हणजे अनुसरणाऱ्या जोडीदाराची बाजू शिकावयाची व मगच पुढाकार घ्यावयाचा, अशी रीत होती. १९८३ मध्ये पॅरिस येथे व १९८५ मध्ये न्यूयॉर्क येथे ‘टँगो अर्जेंतिनो’ हा रंगमंचीय कार्यक्रम गाजल्यावर जगभरातून विद्यार्थी येऊ लागले आणि पद्धतींचे मतभेद उघड झाले. गुस्ताव्हो नावेइरा व फाबियान सालास यांनी १९९०–२००० या दशकात हालचालींचे पृथक्करण करून त्यांच्या सर्व शक्यता मांडण्याचा मार्ग धरला. सुसाना मिलर यांनी गर्दीच्या नृत्यगृहातील घट्ट आलिंगन, साधे पाऊल व संगीताचे भान यांवर भर दिला. पदन्यासांच्या ठरीव मालिका पाठ करून घेणाऱ्यांचा वर्गही मोठाच होता. मालिका शिकविणे सोपे व विकणेही सोपे. तथापि जोडीदाराकडे लक्ष देण्याची सवय तीतून लागत नाही, हा तिच्यावरील आक्षेप प्रस्तुत लेखकास रास्त वाटतो. लावणीच्या शिबिरांत पाठ करून घेतलेल्या अदांनाही तो लागू पडतो.

लिखित संहिता उरली आणि नृत्य गेले, याचे सर्वांत बोलके उदाहरण तंजावरचे आहे. तेथील भोसले राजांपैकी शाहजी (कार. १६८४–१७१२) याने मराठी नाटके लिहिली, तुळजा पहिला (कार. १७२८–१७३६) याने संगीत सारामृत हा संस्कृत ग्रंथ रचला. सरफोजी दुसरा (कार. १७९८–१८३२) याने नृत्यासाठी मराठीत ‘निरूपणे’ रचली. एका निरूपणात एकच कथा असते, राग व ताल आरंभापासून अखेरपर्यंत एकच असतात आणि जयजय, शरणु, अलारु, सोल्लु, शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाना, जक्किणी, प्रबंध इत्यादींपासून मंगळापर्यंत अठरा रचना क्रमाने येतात. संपूर्ण कार्यक्रम एका कथासूत्रात बांधण्याची ही कल्पना त्या काळी अभिनव होती. याच सुमारास चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम् व वडिवेलू या चार बंधूंनी तंजावरच्या दरबारात अडवूंची, म्हणजे मूलभूत पदन्यासांची, शिस्तबद्ध मांडणी करून आजच्या भरतनाट्यम्‌चा कार्यक्रमक्रम सिद्ध केला. त्यांची परंपरा नट्टुवनारांच्या घराण्यांतून टिकली. निरूपणांच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. १८५५ मध्ये दुसरा शिवाजी निपुत्रिक वारल्यावर राज्य ब्रिटिशांकडे गेले, राजाश्रय संपला आणि मराठी रचना तमिळ व तेलुगू भाषक नर्तकींच्या संचातून गळून पडल्या. सरस्वती महाल ग्रंथालयातील हस्तलिखिते तेवढी राहिली. कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस या नावाने तेथूनच ती पुढे छापली गेली.

या छापील पानांवर राग, ताल, शब्द व पाटाक्षरे आहेत. पाय कसा पडावा, हे नाही. हे काम अंगावर घेतले ते आचार्य पार्वतीकुमार (१९२१–२०१२) यांनी. नट्टुवनार घराण्यात न जन्मलेल्या या मराठी गुरूने भरतनाट्यम् दाक्षिणात्य गुरूंकडून आत्मसात केले होते. १९६८ मध्ये त्यांनी मुंबईत तंजावूर नृत्यशाळा स्थापन केली व निरूपणांना अडवूंची व अभिनयाची जोड देऊन ती रंगमंचावर आणली. नंदिकेश्वराचा अभिनयदर्पण हा ग्रंथही त्यांनी श्लोकशः नृत्यबद्ध केला. विद्यार्थिनीला मुद्रेचे लक्षण मुखोद्गत असावे आणि ते म्हणताना तिच्या हातून चुकू नये, अशी त्यांची शिकवण होती. त्यांच्या कामास सामान्यतः पुनरुज्जीवन म्हटले जाते. ते तितकेसे बरोबर नाही. सरफोजीच्या दरबारातील पदन्यास कोणीच पाहिलेले नसल्याने, जुन्या संहितेवर एका व्युत्पन्न गुरूने केलेली ती नवी रचना होय; आणि तसे म्हटल्याने तिचे श्रेय वाढते, उणावत नाही.

त्यांच्या शिष्या सुचेता भिडे-चापेकर (जन्म १९४८) यांनी पुढे चार बंधूंच्या वंशातील किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडेही शिक्षण घेतले. म्हणजे जे पार्वतीकुमारांना ग्रंथावरून रचावे लागले, त्याची शेजारशाखा त्यांना जिवंत हातून मिळाली. त्यांनी ‘नृत्यगंगा’ या उपक्रमात भरतनाट्यम् हिंदुस्थानी रागसंगीतावर बसविले. मराठी विद्यार्थिनीच्या कानाला परिचित असलेल्या संगीतातून तिचे पाऊल घडवावे, हा त्यामागील विचार. काही जाणकारांना तो रुचला नाही. कर्नाटक संगीताची गमके व अडवूंचा ठोस आघात यांचे नाते त्यात सैल होते, असा त्यांचा आक्षेप असून तो सर्वस्वी निराधार म्हणता येत नाही.

कथकच्या क्षेत्रात रोहिणी भाटे (१४ नोव्हेंबर १९२४ – १० ऑक्टोबर २००८) यांचा मार्ग निराळा होता. भरतनाट्यम्‌चे आरंभीचे धडे त्यांनीही पार्वतीकुमारांकडेच घेतले. नंतर जयपूर घराण्याचे सोहनलाल, लखनौ घराण्याचे लच्छू महाराज आणि मोहनराव कल्याणपूरकर यांच्याकडे त्यांनी कथकची साधना केली आणि १९४७ मध्ये पुण्यात नृत्यभारती ही संस्था काढली. मध्यमवर्गीय घरातील मुलीने कथक शिकणे त्या काळी सहज मान्य होण्यासारखे नव्हते. दोन घराण्यांची तालीम मिळाल्याने प्रत्येक हालचालीचे कारण त्यांना स्वतःलाच शोधावे लागले आणि तीच सवय त्यांनी शिष्यांना लावली. तुकडा नाचण्याआधी तो हातावर ताल देऊन म्हणावयाचा, त्याचे वजन समजून घ्यावयाचे, मग उभे राहावयाचे, हा त्यांच्या वर्गाचा क्रम. ‘गुरू करतात तसे करा’ याऐवजी ‘असे का’ हा प्रश्न त्यांनी नृत्यवर्गात आणला. कथकविषयी त्यांनी मराठीतून लिहिले. माझी नृत्यसाधना हे आत्मकथनही त्यांचेच. मराठीत नृत्याची परिभाषा रुळविण्यात या लेखनाचा वाटा मोठा आहे.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांमुळे नृत्याचा अभ्यासक्रम तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचला. त्याबरोबर परीक्षेपुरते शिकण्याची प्रवृत्तीही पोहोचली. विद्यापीठीय पातळीवर पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्राने (स्थापना १९८७) गुरूच्या सहवासातील तालीम व पदवीशिक्षण यांची सांगड घातली.

मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) येथे १९९६ मध्ये महागामी हे गुरुकुल सुरू झाले. बिरजू महाराज व केलुचरण महापात्र यांच्या शिष्या पार्वती दत्ता तेथे कथक व ओडिसी शिकवितात. शार्ङ्गदेवाच्या नावाने या संस्थेचा समारोह होतो आणि संगीतरत्नाकरातील नर्तनाध्यायाचा अभ्यास तेथे नृत्याच्या तालमीबरोबर चालतो. ज्या किल्ल्याच्या दरबाराशी तो ग्रंथ निगडित आहे, तो देवगिरी तेथून काही किलोमीटरच दूर आहे.