मुराळी: कल्याण–बदलापूरच्या वाटेवरचे बाप-लेक

लग्न झालेली लेक पूर्वी एकटी माहेरी येत नसे. तिला आणायला माहेरचं माणूस जायचं, तो मुराळी. बहुतेक वेळा भाऊ जाई. भाऊ लहान असला किंवा नसलाच, तर बाप निघे. ओव्यांनी भावाला डोक्यावर घेतलं. साने गुरुजींनी जमवलेल्या ‘स्त्री जीवन’मधल्या ओव्या घ्या, की हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेडोपाडी फिरून गोळा केलेल्या लाखावर जात्यावरच्या ओव्या घ्या, उंबऱ्यावरून वाटेकडे पाहणारी सासुरवाशीण भावाला हाका मारते. बापाची फेरी त्या मानानं अबोल राहिली. खरं तर तिचं मोल मोठं आहे. लेक कळती झाल्यावर बाप आणि ती, दोघंच, तासन् तास एकत्र असण्याचा प्रसंग जुन्या घरात जवळजवळ हाच एक होता.

आज उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हा सलग शहरी पट्टा आहे. शंभर वर्षांपूर्वी तो उल्हास नदी आणि वालधुनीच्या काठचा भातशेतीचा मुलूख होता. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांच्या गावांचा आणि पाड्यांचा. सोयरिकी बहुधा गाडीवाटेच्या टप्प्यात जमत. कल्याण ते बदलापूर अंतर रेल्वेनं 14 किलोमीटर. बैल तासाला तीन-चार किलोमीटर चालतात, म्हणजे वाट चार तासांची. मधे ओढे लागले, बैलांना पाणी पाजायला थांबलं, तर अर्धा दिवस.

गाडीची तयारी आदल्या रात्री व्हायची. आसाला वंगण, बैठकीवर पेंढा, पेंढ्यावर गोधडी, वर वाकवलेला बांबूचा तट्ट्या, परतीला अंधार पडणार असेल तर खाली टांगलेला कंदील. बाप पुढे, हातात कासरा. लेक मागे, पदर सावरून, मांडीवर शिदोरीची पिशवी. सासरच्या वेशीपर्यंत कुणी बोलत नसे. वेस मागे पडली, की बापाचा पहिला प्रश्न यायचा: “बाय, बरी हायस ना गो?” त्याचं तोंड बैलांकडे असे, म्हणून तिला उत्तर देता येई. समोरासमोर बसून असं विचारायची बापांना सवय नव्हती आणि खरं सांगायची लेकींना मुभा नव्हती. गाडीत दोघांच्या नजरा रस्त्यावर असायच्या. सासूचा जाच, नवऱ्याचं पिणं, राहिलेले दिवस, असं पुष्कळ काही घरच्या ओटीवर न बोलता वाटेतच बोललं गेलं असणार.

या प्रथेला गोंजारण्याचं मात्र कारण नाही. मुराळी आला म्हणजे लेक निघालीच असं नसे. सासऱ्याचा होकार लागे. भातलावणीच्या दिवसांत घरातले दोन हात कमी करायला कोण राजी होणार? काही घराण्यांत तर लेकीला मूल होईपर्यंत बाप तिच्या घरी जेवत नसे. म्हणजे चार तासांची वाट तुडवून आलेला माणूस व्याह्याच्या ओसरीवर उपाशीपोटी बसून ‘पाठवता का’ म्हणून विचारायचा, आणि कधी रिकामी गाडी घेऊन परतायचा. नागपंचमी, गौरी-गणपती, दिवाळसण हे ठरलेले सण. पहिलं बाळंतपण माहेरी, त्यासाठी सातव्या महिन्यातली फेरी वेगळी. परत पाठवताना साडी-चोळी, लाडू-करंज्यांचे डबे, पापड. त्याला बोळवण म्हणत.

कुणी सोबत असल्याशिवाय बाईनं उंबरा ओलांडायचा नाही, हा दंडक फार घट्ट होता. म्हणूनच याच कल्याणात लहानपण गेलेल्या यमुनेनं, म्हणजे आनंदीबाई जोशी यांनी, 7 एप्रिल 1883 रोजी कोलकात्याहून जहाजानं अमेरिकेची वाट धरली तेव्हा केवढी खळबळ उडाली. सोबत ना नवरा, ना माहेरचं माणूस. होत्या त्या ओळखीच्या मिशनरी बायका.

रेल्वे या भागात देशात सगळ्यात आधी पोचलेल्यांपैकी. ठाण्याहून कल्याणपर्यंत गाडी 1 मे 1854 रोजी धावली. पुढचा फाटा बदलापूर, नेरळवरून खोपोलीपर्यंत 12 मे 1856 रोजी खुला झाला. बोरघाटाचं काम 1863 मध्ये पुरं झालं आणि पुण्याचं माहेर एका गाडीच्या अंतरावर आलं. मुराळी गेला नाही, त्यानं हळूहळू वाहन बदललं. चार तासांची वाट तासाच्या आत आली. पण डब्यात चार माणसं असतात. बैलगाडीतलं बोलणं तिथं कसं व्हायचं?

भेटीचं आणखी एक ठिकाण होतं: अंबरनाथची जत्रा. वालधुनीकाठचं हे शिवमंदिर शिलाहारांच्या काळातलं. इथल्या शिलालेखात शके 982, म्हणजे इ. स. 1060, असा काळ आणि राजा म्हणून मुम्मुणीचं नाव येतं. पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलं की डोक्यावर उघडं आकाश दिसतं. महाशिवरात्रीला पंचक्रोशी इथं लोटते. देवदर्शनाला ‘नाही’ म्हणणं सासरलाही जड जाई, म्हणून जिथं मुराळ्याला नकार मिळे, तिथं जत्रेत बाप-लेकीची गाठ पडण्याची आशा असे.

1920 च्या दशकात अंबरनाथला विमकोचा आगपेटीचा कारखाना आला, 1950 च्या दशकात आयुध निर्माणी. नोकरीसाठी घाटावरचे तरुण इथं स्थिरावले, त्यांच्या बायका आल्या आणि माहेर गाडीवाटेच्या टप्प्यातून बाहेर गेलं. सणावारी पिशव्या सांभाळत स्टेशनवर उतरणारे बाप आता सातारा-कोल्हापूरकडचे होते.

उल्हासनगरची कथा याहून कठीण. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्करी छावणी उभी राहिली. फाळणीनंतर त्याच बराकींत सिंधमधून आलेली लाखाच्या घरातली माणसं राहिली, आणि 8 ऑगस्ट 1949 रोजी सी. राजगोपालाचारी यांच्या हस्ते नव्या नगराची पायाभरणी झाली. लोक आजही पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर तीन’, ‘कॅम्प नंबर पाच’ म्हणतात. निर्वासितांच्या छावण्या कल्याण, पिंपरी, कोल्हापूरजवळचं वळिवडे, अजमेर अशा विखुरलेल्या. नात्यातली माणसं त्यांत वाटली गेली. ज्या घरातून लेकीची पाठवणी झाली ते घर सीमेपलीकडे राहिलं. तिथं तिला नेणारा कुठलाच बाप उरला नाही. या पट्ट्यातल्या माहेरवाटांचा इतिहास लिहायचा तर ही तुटलेली वाट आधी लिहायला हवी.

आणखी एक गोष्ट जुन्या प्रथेनं झाकून ठेवली. बोळवणीत साडी होती, जमीन नव्हती. 1994 च्या महाराष्ट्रातल्या दुरुस्तीनं हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्यांना वगळलं. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीनं विवाहित-अविवाहित हा भेद पुसला. बदलापूर-अंबरनाथकडे भाताच्या खाचरांवर इमारती उठल्या, जमिनीला सोन्याचा भाव आला, आणि लेकीला माहेरी बोलावण्याचं एक नवं निमित्त निघालं: हक्कसोडपत्रावर सही. असा प्रवास मुराळ्याच्या फेरीचा अपमान आहे. साडी-चोळी हा मान; हिस्सा हा हक्क. एकाच्या बदल्यात दुसरा मागणं बापाला शोभत नाही.

पावसाळ्यात ही वाट आजही कुणाला जुमानत नाही. 27 जुलै 2019 रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणीदरम्यान पुरात अडकली आणि हजारावर प्रवाशांना बाहेर काढावं लागलं. त्यांत गरोदर बायकाही होत्या. जुने लोक श्रावणात गाडी जुंपायला का कचरत, ते यावरून ध्यानात येतं.

आता लेकच गाडी चालवते आणि बाप शेजारी बसतो. बदलापूरहून बारवी धरणावरून मुरबाड, तिथून माळशेज. किंवा कर्जतमार्गे खोपोली आणि वर घाट. निमित्त बहुतेकदा सणाचं नसतं, दवाखान्याचं किंवा गावच्या घराचं असतं. सासरची परवानगी कुणी मागत नाही, आणि ते फार चांगलं झालं. नजरा मात्र तशाच रस्त्यावर असतात, त्यामुळे विचारायचं राहिलेलं विचारता येतं. गाडी नसली तरी अडत नाही. ऑगस्ट 2022 पासून 75 वर्षांवरच्यांना एसटी मोफत आहे, मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हातारा बाप आणि लेक, दोघांचा प्रवास अर्ध्या तिकिटात होतो.

या पट्ट्यातल्या गावठाणांत बैलगाडीतून माहेरी आलेल्या आजी अजून आहेत. त्यांच्या ओव्या काही प्रमाणात नोंदल्या गेल्या; वाटेवर बापाशी काय बोलणं झालं, ते कुणी विचारलेलं नाही. वाचकांपैकी ज्यांच्या घरी अशी आजी असेल, त्यांनी येत्या सणाला तिच्याजवळ बसावं आणि ते लिहून घ्यावं, गावाच्या आणि माणसांच्या नावांसकट.